कूलरमधल्या ठिणग्या

१ मे, बुधवार
रागिणीला आणलं एकदाचं. निघताना तिच्या सासूबाई, पार्वताबाई, यांनी फाटकापर्यंत येऊन आपलंच घोडं दामटलं. व्याह्याला त्या इवाई म्हणतात. "इवाई, डॉक्टरीण इथली, नवरा इथं, अन् तुमच्या घरी बाईमाणूस नाई. अमरावतीलेच होऊ द्या बाळंतपण." मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आहे. आई गेली म्हणून पोरीचं माहेर जात नाही. जावई पियुष आईकडे बघत उभा राहिला, तेच त्याचं काम आहे. रागिणी काही न बोलता गाडीत बसली. म्हणजे तिलाही यायचंच होतं.

ही डायरी मोटरीच्या एजन्सीने दिली. दरवर्षी देतात, आणि मी तिच्यात कोणाच्या कूलरला कोणता पंप बसवला ते लिहितो. यंदा ठरवलं की बाळ येईपर्यंतचे दिवस लिहायचे. आशा असती तर तिने नातवंडाला सगळं तोंडी सांगितलं असतं, मीठमसाला लावून. मला बोलताना तेवढं सुचत नाही.

आठवा महिना लागला आहे. पोरीला आईची उणीव भासू द्यायची नाही, एवढं मी आज आशाच्या फोटोसमोर कबूल केलं.

५ मे, रविवार
रागिणीच्या खोलीला नवा कूलर बसवला. पत्रा जाड, टाकी मोठी, तिन्ही बाजूंना ताजं गवत. अकोल्यात उन्हाळ्यात देवानंतर माझंच नाव घेतात, तेव्हा घरच्या कूलरला तरी नाव ठेवायला जागा नको. संध्याकाळी खोलीत शिरलं की अंगावर काटा येतो. "बाबा, मी काय भाजीपाला हाय का, इतकं थंड ठेवून राहिले?" म्हणाली. हसली बऱ्याच दिवसांनी.

शेजारच्या जयवंताबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "खुशालभाऊ, चार दिवसांत पोट्टीचं तोंड कसं भरलं पाहा. माहेरचं पाणी मानवलं." मला फार बरं वाटलं. अमरावतीला गाल बसलेले होते तिचे. लगेच फोटो काढून पार्वताबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वजन किती भरलं?" कौतुक करायला जीभ उचलत नाही या बाईची.

९ मे, गुरुवार
पार्वताबाईंचा फोन रोज सकाळी येतो. प्रेशर मोजलं का, लघवी तपासली का, शुक्रवारची तपासणी चुकवू नका. व्याह्याशी लघवीच्या गोष्टी करायच्या म्हणजे काय! मी रागिणीकडे फोन देऊन बाहेर जातो.

शुक्रवारची तपासणी मी पुढे ढकलली. दहा वाजताच ऊन असं भाजतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा उन्हात पोटुशी बाई ऑटोत घालून न्यायची, तिथे तासभर बाकावर बसवायची, आणि मग डॉक्टरने म्हणायचं की सगळं ठीक आहे. "बाबा, जाऊन येऊ का पण?" असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, ऊन थोडं उतरू दे. लगेच ऐकलं. आईसारखी हट्टी नाही.

१२ मे, रविवार
आज एक गंमत झाली. रागिणी न्हाणीघरात साबण लावून जोडवी ओढत बसली होती. निघेनात, बोटात रुतून बसली होती. उन्हाळ्यात पाय सुजतातच, दुकानात दिवसभर उभं राहिलं की माझेही सुजतात. मग मी कटर आणला. तिचा पाय मांडीवर घेतला, बोटाखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि अलगद कापली दोन्ही. कातडीला ओरखडा नाही. लहानपणी तिच्या पायातला बाभळीचा काटा असाच काढायचो. पायावर माझ्या अंगठ्याचा खळगा उमटला होता, तो बराच वेळ तसाच राहिला.

पार्वताबाईंना कळलं तर त्यांचा आवाजच बदलला. "जोडवी काहून काढली? घट्ट झाली म्हंजे किती घट्ट? हाताले सूज हाय का?" मला कळलं, सुनेने सौभाग्याचं लेणं उतरवलं हे त्यांना झोंबलं. मी म्हटलं, बाळंतपणानंतर चांदीची नवी घेऊन देईन. त्या म्हणाल्या, "जोडव्याचं नाई हो म्हणून राहिली मी." मग कशाचं म्हणून राहिल्या, ते काही धड सांगितलं नाही. मीच गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

१६ मे, गुरुवार
कंडक्टरच्या हाती अमरावतीहून एक खोका आला. मला वाटलं डिंकाचे लाडू. उघडला तर प्रेशर मोजायचं मशीन, तेही जुनं. पट्टा मळलेला, खोक्याला रबर लावलेलं. आमच्या अकोल्यात जणू दवाखानेच नाहीत! नवं तरी पाठवायचं. पियुषला फोन केला तर तो ट्रेनिंगसाठी परतवाड्यात. म्हणाला, "बाबा, आईचा जीव लागून राहिला हो, मोजून टाका एकदा." मी हो म्हटलं आणि खोका कपाटावर ठेवून दिला.

रागिणीचं डोकं दुखतंय कालपासून. ऊन लागलं. खिडकीपाशी बसून फोनवर बोलत होती, तेवढ्यात लागलं असणार. कैरीचं पन्हं केलं, तळपायाला कांद्याचा रस चोळला. आशा असंच करायची. पन्ह्यात गूळ थोडा जास्त पडला पण प्याली बिचारी. "बरं वाटतं का?" विचारलं तर "हो बाबा" म्हणाली. माझं पन्हं लागू पडतं.

२० मे, सोमवार
पारा पंचेचाळीसच्या वर. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही.

दुपारी घरून फोन. "बाबा, कूलरमधून ठिणग्या निघून राहिल्या." मी हातातलं काम टाकून पळालो. पाण्याचं काम आणि वायर, काही झालं तर? जाऊन बघतो तर कूलर चांगला चाललेला. "कुठं दिसल्या?" "जाळीच्या मांगं. बारीक बारीक, चमचम करून राहिल्या." मोटर उघडली. वाइंडिंग कोरं, कंडेन्सर ठणठणीत, कुठे जळल्याचा वास नाही. तरी पोरीच्या खोलीत धोका नको म्हणून नवी मोटर बसवली. जुनी घेऊन दुकानात परत तपासली, तिच्यात काही खोट नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

जेवली नाही. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला दुखतं म्हणाली. पित्त झालं. ओवा दिला. डोक्याचं विचारलं तर म्हणाली, "आता सवय झाली, बाबा." बाळ हलतं का ते विचारावंसं वाटलं, पण बापाने कसं विचारावं. जयवंताबाईंना विचारायला सांगितलं. त्या म्हणाल्या, हलतं.

गुरुवारी नेतोच दवाखान्यात. ऊन असो की आग.

२३ मे, गुरुवार
सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. काल जे झालं ते लिहिल्याशिवाय डोकं ठिकाणावर येणार नाही.

काल दुपारी जेवायला घरी गेलो तर रागिणी पलंगावर बसून कूलरकडे बघत होती. "बाबा, अजून निघून राहिल्या ठिणग्या." मला रागच आला. नवी मोटर, नवी वायर! मी गेलो आणि प्लग उपटून काढला. पंखा फिरायचा थांबला, पाणी ठिबकायचं थांबलं. खोलीत अगदी शांत झालं.

"आता?" मी म्हटलं.

"आता जास्त दिसून राहिल्या."

प्लग माझ्या हातात होता. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बहुतेक तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे बारीक झालेले, पापण्या सुजलेल्या, ओठ जाड. ती माझी रागिणी दिसतच नव्हती. "भिंतीवर पण हायेत, बाबा," ती म्हणाली, "तुमच्या शर्टावर पण."

कपाटावरचा खोका काढला. घाईत पट्टा उलटा बांधला, सोडून पुन्हा बांधला. मग १७८ आणि ११६ आलं. मला वाटलं, जुनं मशीन, बिघडलं असणार. माझ्या दंडाला लावलं तर १३४ आणि ८४. पुन्हा तिला लावलं तर १८० झालेलं. मशीन चांगलं होतं. जन्मभर यंत्रांतला बिघाड शोधत आलो आणि हा शोधायला मला कूलर बंद करावा लागला.

पार्वताबाईंना फोन लावला. आकडे सांगितले. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "इवाई, आता काही खाऊपिऊ घालू नोका, डाव्या कुशीवर झोपवा, एकशे आठले फोन करा. मी निघालीच." मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "ते मंग पाहू. आधी गाडी बोलवा."

गाडी लवकर आली, जयवंताबाईही सोबत चढल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोकं कधीपासून दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं का, पोटाच्या वर दुखतं का, असं एकेक विचारलं, आणि ज्याला ज्याला मी ऊन आणि पित्त म्हणत होतो त्या सगळ्याला रागिणी हो म्हणत गेली. "लघवी कमी झाली होती?" त्यांनी विचारलं. रागिणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला समजलं. मी बाहेर आलो. दारामागून तिचा आवाज ऐकू आला, "आठ दिवस झाले, मॅडम."

पुरुषांना आत राहता येत नाही. जयवंताबाई आत, मी दाराशी. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बोलल्या. तरुण आहेत, पण शब्द तोलून बोलतात. "काका, हे ऊन नाही. गरोदरपणातच होणारा आजार आहे, बाळाच्या वारेपासून सुरू होतो. प्रेशर वाढतं, लघवीतून प्रथिनं जातात, आणि मग मेंदू, लिव्हर, किडनी कशालाही धक्का बसू शकतो. तिला कधीही झटके येऊ शकतात. आधी प्रेशर खाली आणतो, झटके थांबवायचं औषध देतो, मग बाळ बाहेर काढावं लागेल. बाळंतपण झाल्याशिवाय हा आजार उतरत नाही." मी विचारलं, "वाचंल ना?" त्या म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलं." मी पुन्हा तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही सोडणार नाही तिला एक मिनिट."

थोड्या वेळाने आतून रागिणीची हाक आली. "बाबा, अंग पेटलं माहं! आग होऊन राहिली!" मी दार ढकललंच. सिस्टरने अडवलं. म्हटलं, मी कूलरवाला आहे, दहा मिनिटांत कूलर आणून लावतो, पैसे नका देऊ. त्या म्हणाल्या, "औषधाची गरमी आहे, काका. झटके येऊ नयेत म्हणून देतो, त्यानं अंग तापल्यासारखं वाटतंच. येऊ द्या ती गरमी." मग त्या छोट्या हातोडीने रागिणीच्या गुडघ्यावर टकटक करून बघत राहिल्या, श्वास मोजत राहिल्या, लघवीची पिशवी बघत राहिल्या. औषध जास्त झालं तर पाय उडायचा थांबतो म्हणे. मी फटीतून तिचा पाय बघत होतो. जोडव्यांचे वळ होते बोटांवर. प्रत्येक वेळी पाय उडाला की मी श्वास सोडायचो.

दिवे लागायच्या सुमारास पार्वताबाई आल्या, एसटीत उभ्याने. मी ठरवलं होतं की त्यांनी चारचौघांत काय वाट्टेल ते बोलावं, मान वर करायची नाही. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि म्हणाल्या, "इवाई, जेवले का?" आणि आत गेल्या. मला रडू आलं. व्हरांड्यात बसून मोठ्याने रडलो, लोक बघत होते तरी.

२४ मे, शुक्रवार
मुलगी झाली. ऑपरेशन करून. एक किलो सहाशे. बाळाच्या फुप्फुसांसाठी रागिणीला आधीच इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे बाळ स्वतः रडलं. पियुष परतवाड्याहून काल सकाळीच आला होता, कागदावर सही करताना त्याचा हात मी धरला होता.

मला वाटलं, सुटलो. पियुषला म्हटलं, पेढे आण. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. "पेढे नंतर. बाळंतपण झालं तरी दोन-चार दिवस धोका असतो, झटके नंतरही येतात. औषध उद्यापर्यंत चालू राहील." पेढे राहिले.

बाळाला मी पाहिलं नाही अजून. वेगळ्या खोलीत हीटरखाली ठेवलं आहे म्हणे. अकोल्यात, मे महिन्यात, हीटर!

२६ मे, रविवार
काल पुन्हा प्रेशर चढलं. गोळी बदलली. आज उतरलं.

पार्वताबाईंना व्हरांड्यात चक्कर आली. त्यांनाही प्रेशरचा त्रास आहे, जुना, हे मला आजच कळलं. सिस्टरने मोजलं तर चांगलंच वाढलेलं. मी म्हटलं, "तुमी रोज मोजत नाई का? मशीन नाई का घरी?"

"तुमच्यापाशीच तं हाय," त्या म्हणाल्या.

मी त्या मळलेल्या पट्ट्याला नावं ठेवली होती. आज घरी जाऊन खोका आणला. आता त्यांचं प्रेशर सकाळ-संध्याकाळ मीच मोजतो. आधी लाजल्या, म्हणाल्या इवायाच्या हातात दंड कसा द्यावा. मी म्हटलं, लाजून काय होते ते पाहिलं ना आपण.

२८ मे, मंगळवार
रागिणीला मोठ्या खोलीत हलवलं. भेटायच्या वेळेत जाता येतं. सूज उतरायला लागली आहे, गालाची हाडं पुन्हा दिसू लागली. गाल बसलेले बघून इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पांघरूण सरकवून तिने पायाची बोटं हलवून पाहिली. मग म्हणाली, "बाबा, मले माहीत होतं काहीतरी चुकून राहिलं. आई असती तं तिले सांगतलं असतं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले कसं सांगू, लघवीचं अन् असं? अन् तुमी इतकं करून राहिले होते. रात्री उठून टाकीत पाणी भरायचे. मंग वाटलं, असंल ऊनच."

तिला आईची उणीव भासू द्यायची नाही म्हणालो होतो. घर थंड केलं, पन्हं केलं, पाय चोळले आणि पोरीला एक साधा प्रश्न विचारायची मला लाज वाटली. तिच्या केसांवरून हात फिरवला. ती म्हणाली, "बाबा, हात किती गरम हाय तुमचा." मी हात काढायला गेलो तर तिने धरून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, घरी गेल्यावरही दीड-दोन महिने प्रेशरवर लक्ष ठेवायचं, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं की त्याच पावली यायचं. पुढच्या खेपेला तर पहिल्या महिन्यापासून सांगायचं की आधी असं झालं होतं. मी म्हटलं, घरी म्हणजे अमरावतीलाच पाठवतो, पार्वताबाईंकडे. रागिणी म्हणाली, "अन् माहेर?" मी म्हटलं, "मी येतो ना माहेर घेऊन. कूलरसकट."

४ जून, मंगळवार
बाळ हीटरखालून बाहेर आलं. आता त्याला ऊब माणसाने द्यायची, उघड्या छातीशी धरून. त्याने वजन वाढतं, श्वास सुधारतो म्हणे. रागिणी जमेल तेवढं धरते, सकाळी पियुष, दुपारी पार्वताबाई. मी नळावरून पाणी भरून आणतो, डबे पोचवतो.

आज दुपारी पार्वताबाई म्हणाल्या, "इवाई, माही पाळी आज तुमी घ्या."

"मी? मले आत येऊ देतील का?"

"विचारलं मी. हात धुवा."

सिस्टरने खुर्चीवर बसवलं. "आजोबा, शर्ट काढा." मी म्हटलं, बाई, मी घामट माणूस, आत्ताच दवाखान्याच्या गच्चीवरचा कूलर दुरुस्त करून आलो. "पुसून या. तिला गरम छातीच पाहिजे." पंखासुद्धा बंद केला त्यांनी. चाळीस वर्षं गावाला गारवा विकला, आणि आज पहिल्यांदा कोणी मला गरम आहे म्हणून बसवून घेतलं.

बाळ छातीवर ठेवलं. एखाद्या छोट्या मोटरीएवढं वजन. डोक्याला टोपी, पाय बेडकासारखे दुमडलेले. आधी चुळबुळ केली, मग माझ्या पांढऱ्या केसांत नाक खुपसून निजलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण मी हललो नाही. मला हलायची भीतीच वाटत होती.

शेजारच्या खाटेवर रागिणी आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, एक सांगू?"

"सांग."

"डोकं दुखून राहिलं थोडंसं."

ओठांवर 'ऊन' हा जुना शब्द आलाच होता. गिळला. "डोळ्यांपुढं काही दिसते का? पोटात दुखते का? लघवी झाली का सकाळपासून?" सगळं एका दमात विचारलं, पार्वताबाईंसमोर, सिस्टरसमोर. रागिणी म्हणाली, "दिसत नाई, दुखत नाई, लघवी झाली, बाबा, दोनदा." मग हसायला लागली. मी बाळाला हात लावून बसलो होतो म्हणून उठता येईना, बसल्या जागेवरूनच सिस्टरला हाक मारली.

त्यांनी मोजलं. १३२ आणि ८४. "ठीक आहे, आजोबा. उन्हानं दुखत असेल."

मी म्हटलं, "असंल. पण अजून एक डाव मोजा."

त्यांनी परत मोजलं.